तिसऱ्या वर्षाची स्पॅनिश

अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये परकी भाषा इयत्तेप्रमाणे शिकवत नाहीत, पायरीप्रमाणे शिकवतात. स्पॅनिश वन, टू, थ्री, आणि पुढं फोर किंवा एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचा वर्ग. एकाच वर्गात नववीतला मुलगा आणि अकरावीतली मुलगी शेजारी बसलेली असतात. साताऱ्याच्या मराठी शाळेतून आठवी करून मी 2012 च्या सप्टेंबरमध्ये न्यू जर्सीत नववीत दाखल झाले, तेव्हा माझ्या वयाच्या अनेकांनी मिडल स्कूलमध्येच स्पॅनिश वन उरकलं होतं. मला अगदी तळापासून सुरुवात करायची होती. 2016 च्या मे महिन्यात एपीची परीक्षा दिली आणि शाळेतलं स्पॅनिश संपलं. आता मागं वळून त्या चार वर्षांकडे पाहते तेव्हा एक गोष्ट ठळक दिसते. पहिली दोन वर्षं भाषेची तयारी चालली होती, भाषा आली ती तिसऱ्या वर्षी. माझ्याबरोबर सुरुवात केलेली निम्मी मुलं तोवर वर्ग सोडून गेली होती.

स्पॅनिशच का, हा प्रश्न तिथं कुणी विचारत नाही, पण त्याला इतिहास आहे. 1915 च्या सुमारास अमेरिकन हायस्कूलमधली जवळजवळ चौथाई मुलं जर्मन शिकत होती. पहिल्या महायुद्धात जर्मन ही शत्रूची भाषा ठरली, काही राज्यांनी ती शिकवण्यावरच बंदी आणली आणि 1922 पर्यंत हे प्रमाण एका टक्क्याच्याही खाली घसरलं. ती मोकळी जागा स्पॅनिशनं घेतली. स्पॅनिश शिक्षकांची राष्ट्रीय संघटना 1917 मध्ये, म्हणजे युद्ध चालू असतानाच स्थापन झाली. पुढं 1957 मध्ये सोव्हिएत संघानं स्पुटनिक उपग्रह सोडला, अमेरिका हादरली आणि 1958 च्या नॅशनल डिफेन्स एज्युकेशन ॲक्टमधून गणित आणि विज्ञानाबरोबर परकी भाषांसाठीही पैसा आला. कानाला हेडफोन लावून एकच वाक्य घोटायच्या लँग्वेज लॅब त्या काळातल्या. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीनुसार अमेरिकेत शालेय वयातली सुमारे एक कोटी मुलं परकी भाषा शिकत होती आणि त्यातली सत्तर लाखांहून अधिक स्पॅनिश. बाकी सगळ्या भाषा मिळून उरलेल्यांत.

स्पॅनिश वनचा वर्ग गमतीचा असतो. पहिल्याच आठवड्यात प्रत्येकानं स्वतःसाठी एक स्पॅनिश नाव निवडायचं. बाईंना ‘सेन्योरा’ म्हणायचं आणि बाहेर जायची परवानगीसुद्धा स्पॅनिशमध्येच मागायची. ‘पुएदो इर अल बान्यो?’ हे वाक्य अमेरिकेत शिकलेल्या कुणालाही मध्यरात्री उठवून विचारलं तरी येईल. मग रंग, आकडे, घरातली नाती, वेळापत्रक आणि क्रियापदांचे सहा चौकोनांचे तक्ते. त्यातला ‘बोसोत्रोस’चा, म्हणजे सलगीतल्या ‘तुम्ही सगळे’चा चौकोन आमच्या बाई रिकामाच ठेवायला सांगत, कारण ते रूप स्पेनमध्ये चालतं आणि आमच्या आसपासची माणसं प्वेर्तो रिको, डोमिनिकन रिपब्लिक, मेक्सिको आणि ग्वातेमालाची होती. मला तो निर्णय तेव्हाही पटला होता आणि आजही पटतो. ज्यांच्याशी बोलायचं आहे त्यांची भाषा आधी शिकावी.

या पहिल्या पायरीवर मराठीनं मला फार मोठा हात दिला. ‘त’ आणि ‘द’ दातांना जीभ लावून म्हणायचे, ‘र’ खणखणीत काढायचा, स्वर जसे लिहिले तसेच उच्चारायचे, यातलं काहीच मला शिकावं लागलं नाही. तू आणि तुम्ही हा भेद शिकवायला बाईंचा अख्खा तास गेला. आपल्याकडं तो पाळण्यातच शिकवतात, आणि त्यातही ‘तू’ला स्पॅनिशमध्ये ‘तू’च म्हणतात. वस्तूंना लिंग असतं हे ऐकून वर्ग चक्रावला होता. सगळ्यात जास्त रडारड झाली ती आवडीनिवडी सांगताना. इंग्रजीत आवडणाऱ्या माणसाला कर्ता करतात. स्पॅनिशमध्ये आंबा कर्ता होतो आणि माणूस चतुर्थीत जातो. एक आंबा असेल तर ‘मे गुस्ता’, अनेक असतील तर ‘मे गुस्तान’. मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात. वर्ग तीन आठवडे ज्या नियमाशी झगडत होता तो माझ्या आजीच्या तोंडी होता.

मराठी सगळीकडेच मदतीला आली असं मात्र नाही. स्पॅनिशमध्ये ‘असणे’ची दोन क्रियापदं आहेत, ‘सेर’ आणि ‘एस्तार’. माणूस मुळात कसा आहे ते एकानं सांगायचं आणि आत्ता कुठं, कोणत्या अवस्थेत आहे ते दुसऱ्यानं. आपलं एक ‘आहे’ दोन्हीकडं पुरतं, त्यामुळं इथं मीही इतरांबरोबर आद्याक्षरांच्या युक्त्या पाठ केल्या. त्या परीक्षेपुरत्या कामाला येतात. कान तयार व्हायला त्याहून फार वेळ लागतो.

स्पॅनिश टूमध्ये भूतकाळ आला, तोही दुहेरी. एकदा घडून संपलेल्या गोष्टीसाठी एक रूप, पुन्हा पुन्हा घडणाऱ्या किंवा चालू असलेल्या गोष्टीसाठी दुसरं. काल मी आत्याकडं गेले, आणि लहानपणी मी दर सुट्टीत आत्याकडं जायचे. साताऱ्याच्या शाळेत व्याकरणाच्या तासाला रीतिभूतकाळ शिकवला होता, तेव्हा त्याचा पुढं काही उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. दुसरं वर्ष तरीही कंटाळवाणंच होतं, याबद्दल माझं मत ठाम आहे. रोज नवे तक्ते, रोज नवे अपवाद, आणि बोलायची संधी थोडी. सगळ्या वाक्यांचे तुकडे हातात येतात आणि त्यांतून मनातली एक गोष्टसुद्धा सांगता येत नाही.

नेमकं इथंच मुलं थांबतात. न्यू जर्सीत हायस्कूल पास व्हायला परक्या भाषेचे किमान 5 क्रेडिट, म्हणजे साधारण एका वर्षाचा अभ्यास, लागतात. अनेक कॉलेजांची अपेक्षा दोन वर्षांची असते. दोन वर्षं भरली की समुपदेशक विचारतात, पुढं घ्यायचं आहे का? केमिस्ट्री, कॅल्क्युलस, कॉम्प्युटर यांची ओढ असते, घरूनही तसाच आग्रह असतो. आमच्या भारतीय घरांत तर स्पॅनिश हा ‘उरकायचा’ विषय मानला जातो. अकरावीच्या पहिल्या दिवशी स्पॅनिश थ्रीच्या वर्गात शिरले तेव्हा बाकं अर्धी रिकामी होती.

या तिसऱ्या वर्षात ‘सब्जंक्टिव्ह’ येतं. इच्छा, शंका, भीती, आग्रह, अजून न घडलेली गोष्ट, हे सगळं बोलायला स्पॅनिश क्रियापदाचं वेगळं रूप वापरते. अमेरिकन मुलांना ही भिंत वाटते, कारण इंग्रजीत अशा रूपाचे जेमतेम अवशेष उरलेत. मराठीत ते रोजच्या बोलण्यात आहे. त्यानं यावं, तिनं शिकावं, पाऊस पडावा. ‘तो येतो’ आणि ‘त्यानं यावं असं मला वाटतं’ यांतला फरक कुठल्याही मराठी मुलाला समजावून सांगावा लागत नाही. हे रूप हाती आलं आणि दोन वर्षांचे सुटे तुकडे एकदम जोडले गेले. तोवर आम्ही फक्त काय आहे आणि काय झालं एवढंच सांगू शकत होतो. आता काय व्हावं हे सांगता येऊ लागलं, आणि माणसाचं निम्मं बोलणं त्याचंच असतं. मैत्रिणीशी भांडण, आईची काळजी, सरकारवरचा राग, सगळं स्पॅनिशमध्ये बोलता येण्याजोगं झालं.

त्याच वर्गात डोमिनिकन आणि प्वेर्तो रिकन घरांतली मुलंही होती. ती झरझर बोलत, पण लिहिताना स्वरांवरची चिन्हं विसरत, आणि व्याकरणाच्या चाचणीत त्यांना आमच्याहून कमी गुण पडत. घरी रोज बोलली जाणारी भाषा कागदावर परकी वाटते, हे मी न्यू जर्सीत वाढलेल्या माझ्या मावसभावंडांतही पाहिलं होतं. त्यांना मराठी सगळं समजतं, वाचता येत नाही. काही शाळांत अशा मुलांसाठी वेगळा वर्ग असतो. आमच्याकडं तो नव्हता, आणि त्यात त्या मुलांचं नुकसान झालं असं मला मनापासून वाटतं.

चौथं वर्ष एपीचं. परीक्षा बरीच धावपळीची होती: ईमेलला उत्तर, तीन स्रोतांच्या आधारे निबंध, रेकॉर्डिंगवरच्या संवादात प्रत्येक वेळी वीस सेकंदांत उत्तर आणि शेवटी दोन मिनिटांत आपल्या आणि स्पॅनिश भाषकांच्या समाजाची तुलना. सरावात मी मेक्सिकोतला ‘दिया दे लोस मुएर्तोस’ आणि आपला पितृपक्ष घेतला होता. दोन्हीकडं गेलेल्या माणसांसाठी त्यांच्या आवडीचं जेवण मांडतात. तिकडच्या मांडणीत झेंडूची फुलं असतात, आणि आपण दसऱ्याला तोरणात ओवतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोचाच.

त्याच वर्षी मेक्सिकन लेखक हुआन रुल्फोची एक कथा वाचली. ती ‘एल यानो एन यामास’ या 1953 च्या संग्रहात आहे. एक म्हातारा बाप जखमी मुलाला खांद्यावर घेऊन रात्रीचा गावाकडं चालला आहे. मुलगा वाया गेलेला, दरोडेखोर. बाप एरवी त्याच्याशी एकेरीत बोलतो, पण राग अनावर झाला की ‘उस्तेद’वर, म्हणजे आदरार्थी रूपावर जातो, जणू समोरचा माणूस आपला कुणीच नाही. इंग्रजी भाषांतरात हे दिसण्याची सोयच नाही. पहिल्या वर्षी तक्त्यात भरलेला एक चौकोन चौथ्या वर्षी काळीज चिरून गेला. त्या दिवशी मला कळलं की मी स्पॅनिश वाचते आहे.

वेळेचा हिशेब साधा आहे. अमेरिकन परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकाला कामापुरती सफाईदार स्पॅनिश यायला साधारण सहा-सातशे तासांचं वर्गशिक्षण धरते, तेही दिवसभर तेवढंच करणाऱ्या प्रौढांसाठी. शाळेचं वर्ष 180 दिवसांचं, तास सुमारे चाळीस मिनिटांचा, म्हणजे वर्षाला जेमतेम 120 तास. दोन वर्षांत 240 होतात. तेवढ्यावर थांबलेलं मूल ‘मला काही स्पॅनिश आलं नाही’ म्हणतं तेव्हा दोष मुलाचा नसतो आणि बहुतेक वेळा शिक्षकाचाही नसतो. तास पुरेसे झालेले नसतात, एवढंच.

मी आता न्यू जर्सीतच फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडं येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांत स्पॅनिश बोलणारे पुष्कळ. निदान, संमती, औषधं यासाठी नियमाप्रमाणे दुभाषा असतो, आणि तो असलाच पाहिजे. व्यायाम करून घेताना मात्र मी स्वतः बोलते. गुडघा वाकवा, हात वर करा, श्वास घ्या. सत्तरीच्या बाईंना ‘वाकव’ असं म्हणता येत नाही, आणि स्पॅनिशमधलं आदरार्थी आज्ञार्थाचं रूप हे सब्जंक्टिव्हचंच रूप आहे. दुसऱ्या पायरीवर थांबले असते तर मला त्यांना अदबीनं एक सूचनाही देता आली नसती.

न्यू जर्सीत आणि एकूणच अमेरिकेत राहणाऱ्या मराठी आईबापांना म्हणून एक विनंती आहे. पुढल्या वर्षाचे विषय निवडण्याचा अर्ज हिवाळ्याच्या अखेरीस घरी येतो. मुलाची दोन वर्षं झाली असतील, स्पॅनिश कंटाळवाणं झालं अशी त्याची तक्रार असेल, तर ती तक्रार खरी आहे हे मान्य करा आणि तरीही तिसऱ्या वर्षाच्या चौकोनात खूण करायला सांगा. घरी त्याच्याशी मराठीत बोलत राहा. स्पॅनिशसाठी त्याहून चांगली शिकवणी मला माहीत नाही.