सोनेरी, पण सोनं नव्हे

हार्डवेअरच्या दुकानात पिवळीधमक ड्रिल बिटं मिळतात. साध्यापेक्षा थोडी महाग. दुकानदार सांगतो, "टायटॅनियमवाली घ्या, टिकतात." तो पिवळेपणा मात्र टायटॅनियम नायट्राइडच्या मायक्रॉनभर जाड थराचा असतो. या पिवळ्याची ओळख चुकण्याची परंपरा जुनी आहे.

वेल्समधल्या मर्थर टिडफिलच्या लोखंडाच्या भट्टीतल्या मळीत ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ विल्यम वोलास्टनला तांबूस चमकणारे चौकोनी स्फटिक दिसले. हाच टायटॅनियम, असं त्याने 1823 साली मानलं. त्यात नायट्रोजन आणि कार्बनही आहे, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ वोलरने 1849 मध्ये दाखवलं. 1852 मध्ये उत्तर भारतात बस्तीजवळ उल्का पडली. तिच्यातल्या सोनेरी कणांचं, म्हणजे याच नायट्राइडचं, बारसं खनिजशास्त्रज्ञ मॅस्केलिनने 1870 मध्ये लंडनला केलं: ऑस्बोर्नाइट. उल्का पाठवणाऱ्या ऑस्बोर्नसाहेबांच्या नावावरून. पडली बस्तीत, नाव साहेबाचं, चालायचंच.

पुढे टायटॅनियम नायट्राइड हत्यारांवर चढलं, घड्याळांवर मिरवलं, चिपमध्ये धातू आणि सिलिकॉन यांच्यामधला पहारेकरी झालं. रंगाकडे सगळे शोभा म्हणूनच बघत राहिले. पण हा रंग म्हणजे मोकळ्या इलेक्ट्रॉनांची करामत. लाल-पिवळा प्रकाश ते परतवतात. साधारण 500 नॅनोमीटरच्या खाली, निळ्याच्या बाजूला, त्यांचं चालेनासं होतं. हा थर चढवतात स्पटरिंगने, म्हणजे टायटॅनियमवर आयनांचा मारा करून; त्यासाठी निर्वात पात्रात आर्गॉनबरोबर नायट्रोजन सोडतात. नायट्रोजन कमी पडला तर थर रुपेरी, बेताचा असला तर सोनेरी, जास्त झाला तर तपकिरीकडे झुकतो. काचेवरचा थर नुसता पाहूनही काय बिघडलं याचा अंदाज येतो.

मोकळ्या इलेक्ट्रॉनांच्या अशाच करामतीने प्रकाशाला सूक्ष्म जागेत खेळवणाऱ्या शास्त्राला प्लाझ्मॉनिक्स म्हणतात. त्यातल्या लोकांची भिस्त मात्र सोन्या-चांदीवरच होती. चांदी काळवंडते, आणि सिलिकॉनमध्ये शिरून घोटाळा करणाऱ्या सोन्याला चिपच्या कारखान्यात मज्जाव. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात अलेक्झांड्रा बोल्टासेवा, व्लादिमिर शलाएव आणि गुरुराज नाईक यांनी 2012 मध्ये नायट्राइडचं नाव ठामपणे पुढे केलं. दृश्य प्रकाशात ते सोन्यापेक्षा जास्त ऊर्जा खातं, हे खरंच. पण प्रकाश शोषून तापायचंच असेल, तर तो दोष कसला?

2014 मध्ये त्याच गटाने दृश्य प्रकाश गिळणारी नायट्राइडची सूक्ष्म नक्षी आणि तशीच सोन्याची नक्षी 800 अंश सेल्सिअसला तापवली. सोनं 1064 अंशांना वितळतं, नायट्राइड 2900 च्या पुढे. तरीही 800 लाच सोन्याची नक्षी विस्कटली. नायट्राइडची होती तशीच राहिली.