खरा कोण, खोटा कोण?

दिल्लीतील पुराना किल्ला म्हणजेच पांडवांचे इंद्रप्रस्थ, अशी परंपरागत समजूत आहे. या किल्ल्याकडे निघालेला एक प्रवासी दोन रस्ते फुटतात तेथे येऊन थांबला आहे, अशी कल्पना करू या. तेथे दोन भाऊ उभे आहेत. एक सदैव खरे बोलतो, दुसरा सदैव खोटे. दोघे एकमेकांना पुरते ओळखतात. प्रवाशाला मात्र कोण कसा, हे ठाऊक नाही. प्रश्न एकालाच आणि एकच विचारायचा आहे.

'तू खरे बोलतोस का?' हा प्रश्न वाया जाईल, कारण दोघेही 'होय' असेच म्हणतील. चतुर प्रवासी विचारतो, 'किल्ल्याचा रस्ता तुझ्या भावाला विचारला, तर तो कोणता दाखवील?' खरा भाऊ दुसऱ्याचे असत्य जसेच्या तसे सांगतो. खोटा भाऊ दुसऱ्याचे सत्य उलटे करून सांगतो. उत्तर दोन्ही वेळा चुकीचेच येते. प्रवासी निर्धास्तपणे दुसरा रस्ता धरतो. खरा कोण, हे न कळताही त्याला वाट सापडते!

अमेरिकी तर्कशास्त्रज्ञ रेमंड स्मलियन यांच्या १९७८ सालच्या पुस्तकाने अशी कोडी लोकप्रिय केली. व्यवहारात मात्र अर्धसत्यही भेटते. सत्यवचनी म्हणून ख्यात असलेल्या युधिष्ठिरालाच द्रोणाचार्यांनी अश्वत्थाम्याविषयी विचारले. मेला होता तो त्या नावाचा हत्ती. पण युधिष्ठिराने हत्तीचा उल्लेख अस्पष्ट केला आणि पुत्रशोकाने द्रोणांनी शस्त्र खाली ठेवले. 'नरो वा कुंजरो वा' हा वाक्प्रचार मराठीत रूढ झाला तो या प्रसंगावरून. द्रोणांनी बोलणाऱ्याची ख्याती पाहिली, वस्तुस्थिती पडताळली नाही.

'मी बँकेतून बोलतो आहे' हे वाक्य बँकेचा कर्मचारी उच्चारतो, तसेच भामटाही उच्चारतो. त्याने खातेदाराचे नाव आणि पत्ता अचूक सांगितला, तरी ते अर्धसत्यच ठरू शकते. अशा वेळी बोलणाऱ्याची पारख करीत बसू नये. फोन बंद करावा आणि पासबुकावर किंवा कार्डामागे छापलेल्या क्रमांकावर स्वतः चौकशी करावी. पिन आणि ओटीपी तर कोणालाही सांगू नये. तेथे खऱ्याखोट्याचा प्रश्नच उरत नाही. फसवणूक झालीच, तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

कोड्यातील प्रवाशाने माणसावर नव्हे, आपल्या प्रश्नावर विश्वास ठेवला. खातेदाराची ठेवही त्याच सावधपणाने सुरक्षित राहते.