खुणांनी बोलणाऱ्याचं दुखणं डॉक्टरला कळावं कसं?



आपल्या भावकीत नाही तर गावात एखादा तरी कर्णबधिर माणूस असतो. आपण त्याला 'मुका' म्हणून मोकळे होतो. २०११ च्या जनगणनेत देशात ऐकू न येणाऱ्यांची नोंद ५० लाखांवर झाली. उसाच्या फडात असा गडी कुणाला हार जात नाही. पण आजारी पडला, की त्याची खरी पंचाईत होते.

दवाखान्यात प्रश्न विचारले जातात ते सोबतच्या भावाला. पण कळ छातीत की पोटात, औषध फवारताना चक्कर आली का, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. बाईमाणसाचं खासगी दुखणं सासऱ्यासमोर कसं निघावं? ऑपरेशनच्या कागदावर अंगठा उठतो. पण कशाचं ऑपरेशन, हे त्याला उमगलेलं नसतं. मान हलवली म्हणजे समजलं, असं धरू नये. माणूस भिडेपोटीही मान हलवतो.

लिहून दाखवावं, तर शाळा न झालेल्याला वाचता येत नाही. ओठांवरून ओळखावं, तर डॉक्टरांच्या तोंडाला मास्क. म्हणून सांकेतिक भाषेचा दुभाषी लागतो. दिल्लीचं भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ साली निघालं. तिथं असे दुभाषी तयार होतात. दुभाषी वडूजला यायलाच हवा असं नाही. मोबाईलवर व्हिडिओ कॉल करूनही काम भागतं. ज्याला फक्त घरच्याच खुणा येतात, त्याच्यासाठी त्या खुणा जाणणारं माणूस सोबत हवं आणि चित्र काढून विचारावं.

ही मेहरबानी नव्हे, हक्क आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या २५ व्या कलमानं सरकारी आणि खासगी, दोन्ही दवाखान्यांत अडथळा नसावा आणि दिव्यांगांना तपासणीत अग्रक्रम मिळावा, अशी व्यवस्था करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. संवादाची अडचण हाही कायद्याच्या लेखी अडथळाच.

तेव्हा आम्ही सुचवतो ते एवढंच. केसपेपर काढतानाच 'ऐकू येत नाही' असं ठळक लिहून घ्या. पुकाऱ्यावर विसंबू नका. नंबर आला की हात लावून सांगा, असं नर्सबाईंना बजावून ठेवा. गोळी कधी घ्यायची ते सूर्य-चंद्र काढून दाखवायला सांगा. निघण्याआधी त्याच्याकडूनच खुणांनी वदवून घ्या. आजार त्याचा आहे. तो सांगण्याचा पहिला मानही त्याचाच.