ईएसआयचा बेरोजगारी भत्ता नामंजूर झाला? तोच फॉर्म पुन्हा भरण्याआधी हे तपासा

फेब्रुवारी २०२४ मधली गोष्ट. चाकणच्या आमच्या रूमवर मी लेकीला भरवत होतो आणि दुसऱ्या हातात मोबाईलवर ईएसआयसीचं पोर्टल उघडलं होतं. बेरोजगारी भत्त्याच्या अर्जासमोर लिहिलेलं होतं: नामंजूर.

नोकरी जाऊन तीन महिने झाले होते. दोन महिन्यांचं रूमभाडं थकलं होतं आणि गावी परभणीला परत जायचं का, यावर रोज रात्री घरात बोलणं व्हायचं. बायको म्हणाली, "आपण बाहेरगावचे ना, म्हणून दिलं नसेल." मलाही तसंच वाटलं. रागाच्या भरात मी तोच फॉर्म जसाच्या तसा पुन्हा भरला. आठ दिवसांनी तो परत नामंजूर झाला.

नंतर कळलं की बाहेरगावचे असण्याचा याच्याशी काही संबंध नव्हता. ईएसआय ही केंद्र सरकारच्या कायद्यावर चालणारी योजना आहे, तिथे रहिवासी दाखला कोणी मागत नाही. तुम्ही बीडचे असा नाहीतर बिहारचे, पगारातून ईएसआय कापला जात असेल तर हक्क सारखाच. माझा अर्ज अडला होता तो रेकॉर्डमधल्या दोन चुकीच्या नोंदींमुळे. त्या मी केल्या नव्हत्या, पण दुरुस्त करून घ्यायला मलाच पळावं लागलं. तुमचं पळणं थोडं कमी व्हावं म्हणून हा लेख.

आधी योजना थोडक्यात

योजनेचं नाव आहे अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. ती २०१८ मध्ये सुरू झाली. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात भत्ता सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्क्यांवरून ५० टक्के केला गेला आणि नोकरी गेल्यावर ९० दिवसांऐवजी ३० दिवसांनी अर्ज करता येऊ लागला. भत्ता जास्तीत जास्त ९० दिवसांचा आणि आयुष्यात एकदाच मिळतो. योजनेला ठरावीक मुदतीने वाढ दिली जाते, त्यामुळे अर्जाआधी ती सध्या चालू आहे का आणि अटी काय आहेत, हे पोर्टलवर बघून घ्या.

माझ्या अर्जाच्या वेळी मुख्य अटी अशा होत्या:

- नोकरी जाण्याआधी किमान दोन वर्षं ईएसआय लागू असलेली नोकरी.
- त्याच्या लगेच आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांचं अंशदान आणि त्याआधीच्या तीन सहामाहींपैकी एकीत पुन्हा किमान ७८ दिवस.
- गैरवर्तनामुळे काढलेलं नसावं, स्वतःहून नोकरी सोडलेली नसावी, स्वेच्छानिवृत्ती घेतलेली नसावी.
- आधार आणि बँक खातं ईएसआयच्या रेकॉर्डला जोडलेलं असावं.

ईएसआयची सहामाही म्हणजे १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. हे लक्षात ठेवा, पुढे हिशेबाला लागेल.

पहिली चूक: एक माणूस, दोन विमा क्रमांक

नामंजुरीच्या खाली इंग्रजीत एक छोटी ओळ होती. पहिल्या वेळी मी ती वाचलीच नव्हती. अर्थ असा होता की दोन वर्षांची नोकरी पूर्ण नाही. मी तर २०१९ पासून एकाच शेडमध्ये, एकाच मशीनवर काम करत होतो!

शाखा कार्यालयातल्या मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि म्हणाल्या, "दादा, या नंबरवर तुमची नोकरी जुलै २०२२ पासूनच दिसते."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ३० जून २०२२ ला आमच्या जुन्या ठेकेदाराचा करार संपला आणि १ जुलैपासून आम्ही सगळे नव्या ठेकेदाराच्या नावावर गेलो. काम तेच, गेट तेच. ईएसआयचा विमा क्रमांक, म्हणजे आपण ज्याला आयपी नंबर म्हणतो, तो खरं तर नोकरी बदलली तरी एकच राहायला हवा. नव्या मालकाने जुना नंबर टाकून तुम्हाला जोडून घ्यायचं असतं. आमच्या ठेकेदाराच्या माणसाने 'आधी नोंदणी झाली आहे का?' या प्रश्नाला 'नाही' केलं आणि माझा नवा नंबर तयार झाला. जुन्या नंबरवरची तीन वर्षं तिथेच राहिली.

याने फक्त पात्रता जाते असं नाही, रक्कमही कमी होते. हिशेब असा असतो: मागच्या चार सहामाहींचा एकूण पगार भागिले ७३०, ही रोजची सरासरी. तिचा अर्धा भाग म्हणजे एका दिवसाचा भत्ता.

सोयीसाठी पगार महिना १५,००० रुपये धरू. माझी नोकरी १० नोव्हेंबर २०२३ ला गेली, म्हणजे ऑक्टोबर २०२१ ते सप्टेंबर २०२३ हे २४ महिने मोजायचे.

- दोन्ही नंबर मिळून: ३,६०,००० भागिले ७३० म्हणजे साधारण ४९३ रुपये. त्याचे अर्धे, गुणिले ९०: सुमारे २२,१९० रुपये.
- फक्त नवा नंबर धरला तर १५ महिने: २,२५,००० भागिले ७३० म्हणजे साधारण ३०८ रुपये. त्याचे अर्धे, गुणिले ९०: सुमारे १३,८७० रुपये.

म्हणजे एका चुकीच्या क्लिकने आठ हजारांहून जास्त रुपयांचा फरक. आमच्यासाठी ते दोन महिन्यांचं रूमभाडं होतं.

दुसरी चूक: नोकरी 'गेली' की 'सोडली'?

मालक दर महिन्याला पोर्टलवर कामगारांचे दिवस आणि पगार भरतो. कोणाचे दिवस शून्य असतील तर यादीतून कारण निवडावं लागतं. त्या यादीत 'लेफ्ट सर्व्हिस', 'रिट्रेंचमेंट', 'नो वर्क', 'ऑन लीव्ह' असे वेगवेगळे पर्याय असतात. बहुतेक जण सवयीने 'लेफ्ट सर्व्हिस' निवडून मोकळे होतात. माझ्याही नावासमोर तेच होतं. वाचणाऱ्याला वाटतं की हा स्वतःच सोडून गेला.

खरं तर ऑर्डर कमी झाल्या म्हणून आम्हा अकरा जणांना घरी बसवलं होतं. कागदावर कोणी काही दिलं नाही. पण सुपरवायझरचा व्हॉट्सॲपवर मेसेज होता: "उद्यापासून येऊ नका, ऑर्डर आली की कळवतो." त्या वेळी हा मेसेज बघून डोळ्यात पाणी आलं होतं. तीन महिन्यांनी तोच कामाला आला.

मी काय केलं, क्रमाने

१. नामंजुरीचा स्क्रीनशॉट घेतला. अर्ज क्रमांक, तारीख आणि कारणाची ओळ तिन्ही दिसतील असा. इंग्रजी समजत नसेल तर गूगल लेन्सने भाषांतर करा, पण कारण वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

२. अंशदानाची माहिती काढली. पोर्टलवर विमाधारक म्हणून लॉगिन केलं की महिनावार दिवस आणि पगार दिसतो. उमंग ॲपमध्येही ईएसआयसीची सेवा आहे. माझी अडचण अशी की ओटीपी माझ्याकडे येतच नव्हता, कारण रेकॉर्डवर ठेकेदाराच्या माणसाचा मोबाईल नंबर होता. शाखा कार्यालयात अर्ज आणि आधारची प्रत देऊन आधी तो बदलून घेतला.

३. जुना नंबर शोधला. २०१९ ची एक पगारस्लिप गावी आईकडच्या पत्र्याच्या पेटीत होती. भावाने फोटो काढून पाठवला, त्यावर जुना आयपी नंबर होता.

४. पीएफचं पासबुक डाउनलोड केलं. पीएफचा यूएएन दोन्ही ठेकेदारांकडे एकच होता, त्यामुळे जून २०२२ आणि जुलै २०२२ हे महिने सलग दिसत होते. सगळ्यात जास्त उपयोग याच पुराव्याचा झाला.

५. व्हॉट्सॲप चॅट एक्सपोर्ट केलं. नंबर आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉटही प्रिंट केले.

६. लेखी अर्ज दिला. तोंडी सांगून उपयोग नाही. मजकूर साधा होता: "माझ्या नावावर दोन विमा क्रमांक तयार झाले आहेत. दोन्ही ठिकाणचं अंशदान एकत्र धरावं. मी नोकरी सोडलेली नाही, काम नसल्यामुळे मला थांबवण्यात आलं. मालकाकडून खात्री करून नोंद दुरुस्त करावी. पुरावे सोबत जोडले आहेत." दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. ती पोच जपून ठेवा.

७. नोंदी दुरुस्त झाल्यावरच पुन्हा अर्ज केला. त्यात बँकेचा आयएफएससी कोडही नीट बघितला. गावच्या खात्याची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर जुना कोड चालत नाही.

ठेकेदार आधी फोनच उचलत नव्हता. कार्यालयाकडून विचारणा गेल्यावर मात्र उत्तर आलं. एप्रिलमध्ये पैसे थेट खात्यात जमा झाले. मार्चमध्येच मला दुसरीकडे काम लागलं होतं, पण त्याआधीचे ९० पेक्षा जास्त दिवस मी बेरोजगार होतो, म्हणून त्या काळाचा भत्ता मिळाला. काम लागलं म्हणून मागचा हक्क सोडून देऊ नका.

कोणी दादच देत नसेल तर?

ईएसआयसीचा टोल फ्री क्रमांक आहे १८००-११-२५२६. लेखी तक्रार केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स पोर्टलवर मोबाईलवरूनच करता येते, तिथे तक्रार क्रमांक मिळतो आणि पुढे काय झालं ते बघता येतं. शिवाय ईएसआयसीच्या कार्यालयांत 'सुविधा समागम' नावाच्या तक्रार निवारण बैठका होतात, त्याची तारीख विचारून घ्या.

या अर्जाला फी नाही. "भत्ता काढून देतो, निम्मे आमचे" म्हणणारे मला दोन जण भेटले. त्यांना ओटीपी देऊ नका. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या 'बेरोजगारी भत्ता' लिंकवर आधार नंबर टाकू नका.

लेकरं असतील तर हे नक्की वाचा

नोकरी गेल्यावर आम्ही महिनाभर ईएसआयच्या दवाखान्यात गेलोच नाही. लेकीला ताप होता तरी खाजगी डॉक्टरला पैसे दिले, कारण वाटलं कार्ड बंद झालं असेल. तसं नसतं. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये ७८ दिवसांचं अंशदान असेल तर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये उपचार मिळतात. ऑक्टोबर ते मार्चच्या अंशदानावर जुलै ते डिसेंबरमध्ये. नोव्हेंबरमध्ये काम गेलं तरी माझे उपचार पुढच्या जूनपर्यंत चालू होते, आणि कुटुंबाचेही. फक्त मुलांची नावं रेकॉर्डवर चढवलेली हवीत. माझ्या लेकीचं नाव नव्या नंबरवर नव्हतंच, तेही याच फेरीत चढवलं.

आज दहा मिनिटं काढा

हे सगळं नोकरी गेल्यावर करायला गेलात तर माझ्यासारखे तीन महिने जातात. नोकरी चालू असतानाच चार गोष्टी बघून ठेवा: विमा क्रमांक एकच आहे का, मोबाईल नंबर तुमचाच आहे का, दर महिन्याचे दिवस भरलेत का आणि घरच्यांची नावं आहेत का. ठेकेदार बदलला की पहिल्याच दिवशी जुना आयपी नंबर लिहून त्याला व्हॉट्सॲप करा, म्हणजे दिल्याचा पुरावाही राहतो.

आमच्या अकरा जणांपैकी चौघांनी नामंजूर शब्द बघून विषय सोडून दिला आणि गाव गाठलं. त्यांचेही नंबर त्याच दिवशी बदलले होते. त्यातल्या दोघांना मी आता फोन करून कागद गोळा करायला लावलेत. तुमच्या रूमवर असं कोणी असेल तर त्याच्याकडून नामंजुरीचा स्क्रीनशॉट मागा आणि आधी कारणाची ओळ वाचा.