जहाजी पाकिटांचा संग्रह

बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमेवर राहणाऱ्या आपणां व्यापाऱ्यांचा समुद्राशी संबंध काय, अशी शंका हा मथळा वाचून पुष्कळांच्या मनात येईल. तुरीची पोती मोटारीत किंवा वाघिणीत चढली की आपला व्यवहार संपतो. दर्याचे दर्शन व्हावयाचे ते मुंबईस गेल्यावर. तथापि टपालाच्या पाकिटांचा संग्रह करणाऱ्यांत जहाजी पाकिटे ही एक स्वतंत्र शाखा आहे, आणि तिच्यातील काही मोलाची पाकिटे आपल्या शेजारच्या सोलापुरातील एका जैन व्यापारी घराण्याची आठवण वागवीत आहेत.

जहाजी पाकीट म्हणजे ज्यावर जहाजाचा किंवा जहाजावरील टपालकचेरीचा शिक्का पडला आहे असे पाकीट. जहाजाच्या जलावतरणाचे, नौदलातील प्रवेशाचे अथवा निवृत्तीचे स्मरण म्हणून काढलेली पाकिटेही त्यांतच मोडतात. अमेरिकेच्या युद्धनौकांवर १९०८ पासून टपालकचेऱ्या आहेत आणि अशा शिक्क्यांच्या संग्राहकांची संस्था तेथे १९३२ साली स्थापन झाली. आपल्याकडची परंपरा त्याहून जुनी आहे. मुंबई आणि एडन यांच्या दरम्यान आगबोटीवरच विलायतेच्या टपालाची वाटणी करणारी समुद्री टपालकचेरी १८६८ पासून १९१४ पर्यंत चालू होती. बोट धक्क्याला लागेपर्यंत पत्रे गावोगावच्या पिशव्यांत भरून तयार असत. बाजारभावासाठी टपालाची वाट पाहणाऱ्या पेढ्यांना वेळेच्या या बचतीचे मोल निराळे सांगावयास नको.

या शाखेत युद्धनौकांच्या पाकिटांवर उड्या पडतात, हे स्वाभाविक आहे. मला मात्र पुरवठा-जहाजांची पाकिटे अधिक प्रिय वाटतात. पुरवठा-जहाज हा आरमाराचा वाणीच म्हणावयाचा. तेल, पिण्याचे पाणी, धान्य, सुटे भाग, दारूगोळा असा सर्व माल घेऊन ते तांड्याबरोबर निघते आणि भर समुद्रात, दोन्ही जहाजे समांतर चालत असता, नळ्या व दोर टाकून माल उतरवून देते. त्याच्या नावे पराक्रमाची वार्ता क्वचितच छापून येते; परंतु ते नसेल तर बाकीच्यांना लवकरच बंदर गाठावे लागेल. आपल्या नौदलात १९९६ साली रशियातून आलेले ‘ज्योती’, २००० साली दाखल झालेले कलकत्त्याचे ‘आदित्य’, आणि २०११ साली आलेली इटलीच्या बांधणीची ‘दीपक’ व ‘शक्ती’ ही या वर्गातील जहाजे होत.

आता सोलापूरकडे वळू. शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी तेथील दिगंबर जैन घराण्यात झाला. १९१९ साली त्यांनी सहकाऱ्यांसह ‘लॉयल्टी’ नावाचे जहाज विकत घेतले व सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभारली. या जहाजाचा पूर्वेतिहास संग्राहकांस विशेष रुचण्यासारखा आहे. १८९१ साली ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या नावाने ते कॅनडा आणि हाँगकाँग यांमध्ये टपाल वाहू लागले. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या महाराजांनी ते घेऊन हिंदी सैनिकांसाठी इस्पितळ-जहाज केले. म्हणजे टपाल, सैन्याची सेवा आणि व्यापार हे तिन्ही धंदे एकाच जहाजाने केले! ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनला निघाले. पुढे परकीय कंपन्यांनी भाडी पाडून सिंदियाला जेरीस आणले व १९२३ च्या कराराने तिला किनाऱ्याच्या वाहतुकीपुरते बांधून टाकले, तरी शेठजींनी हा धंदा सोडला नाही. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणम येथे त्यांच्या जहाज-कारखान्याची कोनशिला डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी बसविली, आणि १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ‘जलउषा’ पाण्यात उतरली.

याच ‘जलउषे’चे चित्र ५ एप्रिल १९६५ च्या राष्ट्रीय सागरी दिनाच्या पंधरा पैशांच्या तिकिटावर आहे. त्या दिवशीच्या शिक्क्याचे पाकीट हा या संग्रहाचा उत्तम आरंभ होय. त्याच्या जोडीला २३ नोव्हेंबर २००४ रोजी निघालेले शेठजींच्या स्मरणार्थ पाच रुपयांचे तिकीट ठेवावे. सिंदियाची जहाजे आज दर्यावर नाहीत, कारखानाही फार पूर्वी सरकारकडे गेला. परंतु त्याच कारखान्याकडे ऑगस्ट २०२३ मध्ये नौदलाने प्रत्येकी ४४,००० टनांची पाच पुरवठा-जहाजे बांधण्याचे काम दिले आणि एप्रिल २०२४ मध्ये पहिल्या जहाजाचे पोलाद कापले गेले. ती नौदलात दाखल होतील त्या दिवसांचे शिक्के मिळविण्यासाठी संग्राहकांनी आतापासूनच सावध असावे.

पाकीट घेताना मालाप्रमाणेच पारख करावी. कोऱ्या पाकिटावर सोयीने मारून घेतलेला शिक्का दिसावयास सुबक असतो, परंतु प्रवास केलेल्या पाकिटाची सर त्याला नाही. ज्यावर पत्ता हाताने लिहिला आहे, ज्यावर निघाल्याचा व पोहोचल्याचा असे दोन्ही शिक्के आहेत, ते मळके असले तरी पसंत करावे. कोणाचा मुलगा नौदलात असेल तर त्याच्या पत्रांची पाकिटे फेकू नयेत. नौसैनिकाचा पत्ता जहाजाचे नाव आणि फ्लीट मेल ऑफिस एवढाच असतो. जहाज कोठे आहे हे पाकीट सांगत नाही, म्हणून त्यावरील तारीखच काय ती बोलते.

सर्वांत मोठी नासाडी होते ती मुलांच्या कौतुकापायी. तिकीट कापून वहीत डिंकाने चिकटविले की शिक्का अर्धा जातो आणि पत्ता रद्दीत. जुन्या पेढ्यांतून लोखंडी तारेत ओवून ठेवलेल्या पत्रांचे गठ्ठे अजूनही माळ्यावर सापडतात. तारेच्या भोकाने पाकिटाचे मोल थोडे उतरते, परंतु कात्रीने उतरते तेवढे नव्हे. ते गठ्ठे रद्दीवाल्याच्या तराजूत घालण्यापूर्वी एडनचा, समुद्री टपालाचा अथवा आगबोटीचा शिक्का कोठे आहे काय, हे पाहून घ्यावे. त्यांतच निजामी तिकिटेही निघतील. ती संस्थानाच्या हद्दीपुरतीच चालत. १९३१ च्या मालिकेतील बारा आण्यांच्या तिकिटावर आपल्या बिदरचा महमूद गावानचा मदरसा आहे. बारा आणे ही त्या काळी जड रक्कम असल्याने साध्या पत्रावर ते लागण्याचे कारण नव्हते. तेव्हा ते अखंड पाकिटासह हाती आले तर कात्री दूर ठेवून प्रथम एखाद्या जाणत्यास दाखवावे.