नर्सची पाठ आणि नर्सचे मन

आपल्या मंडळात नर्सिंग करणाऱ्या बऱ्याच भगिनी आहेत. माझी पत्नीही त्यांपैकीच. गेल्या हिवाळ्यात रात्रपाळीला एका भ्रमिष्ट रुग्णाने तिला जोरात ढकलले व ती पलंगाच्या कठड्यावर आदळली. "बिचारा आजारी होता, हे चालायचेच," म्हणून तिने नोंद केली नाही. पंधरवड्यात पाठ धरली, झोप उडाली, ड्यूटीला निघताना हात थरथरू लागले. मी पडलो सॉफ्टवेअर इंजिनियर. वैद्यकातले कळत नाही, पण नियम वाचायची सवय आहे. त्यातून जे समजले ते सांगतो.

अमेरिकेत कामावर इजा झाल्यास, चूक कोणाची हे न पाहता, 'वर्कर्स कॉम्पेन्सेशन' विमा उपचारांचा खर्च देतो. रजा घ्यावी लागल्यास बहुतेक राज्यांत सरासरी पगाराच्या सुमारे दोन-तृतीयांश रक्कम, ठरलेल्या कमाल मर्यादेपर्यंत, मिळते. तिच्यावर फेडरल इन्कमटॅक्स नाही. मात्र मालकाला कळवण्याची मुदत अनेक राज्यांत ३० दिवस, काही ठिकाणी त्याहून कमी असते. आम्ही २३व्या दिवशी कळवले. दावा मंजूर झाला, पण "त्याच दिवशी का सांगितले नाही?" याची उत्तरे देण्यात दोन महिने गेले. शिवाय पहिले उपचार घरच्या हेल्थ इन्शुरन्सवर घेतले, तो हिशेब निस्तरावा लागला तो वेगळाच.

सुई टोचल्यास तर तासांचा प्रश्न असतो. जागा साबण-पाण्याने धुवून लगेच कळवावे. एचआयव्हीचा धोका असल्यास प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात.

मनाच्या दुखापतीबाबत प्रत्येक राज्याचा नियम निराळा. काही राज्यांत शरीराला इजा झाली असेल तरच मानसिक उपचारांचा खर्च मिळतो. म्हणून डॉक्टरांना पाठीबरोबर भीती आणि निद्रानाशही सांगावा, म्हणजे कागदोपत्री नोंद राहते. बऱ्याच हॉस्पिटलांत 'एम्प्लॉयी असिस्टन्स प्रोग्रॅम' असतो. त्यात समुपदेशकाच्या पहिल्या काही भेटी मोफत व गोपनीय असतात. "चार लोकांत कळेल" या धास्तीने पत्नीने तो फोन महिनाभर टाळला. तिसऱ्या भेटीनंतर ती रात्रभर झोपली. मन फारच खचल्यास ९८८ या क्रमांकावर जुलै २०२२ पासून कोणत्याही वेळी फोन करता येतो.

सोसणे हा आपल्याकडे गुण मानतात. पण सोसलेल्याची नोंद कुठेच होत नाही. घरच्या मंडळींनी "आज ड्यूटी कशी झाली?" एवढे जरूर विचारावे. काही घडले असेल तर तारीख, वेळ व साक्षीदार त्याच रात्री लिहून ठेवावेत आणि रीतसर नोंद करायला लावावी.