नहरीचा काठ आणि रुळांची वाट



‘पवनी रोड’ या स्टेशनावर परगावच्या माणसाची नेहमी फसगत होई. रेल्वेच्या भाषेत गावाच्या नावापुढे ‘रोड’ लागले, की समजावे, गाव येथून लांब आहे आणि पुढची सोय ज्याची त्याने पाहावयाची आहे. हे स्टेशन ज्या लाइनवर होते ती नागपूर-नागभीड छोटी लाइन बंगाल-नागपूर रेल्वेने १९०८ साली चालू केली. दोन रुळांतले अंतर अडीच फूट, लांबी सुमारे १०६ किलोमीटर. २५ नोव्हेंबर २०१९ रोजी ही गाडी बंद झाली आणि मोठी लाइन टाकण्याचे काम हाती घेण्यात आले. मोठी लाइन हवीच होती, त्याबद्दल तक्रार नाही. मला बोलावयाचे आहे ते गाडी गेल्यावर मागे राहणाऱ्या मातीविषयी.

रेल्वेचा भराव आणि नहरीचा काठ ही एका जातीची कामे आहेत. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरते, म्हणून आगगाडीला चढ सोसत नाही. मग टेकडी कापावी लागते, खोलगट जागा भरावी लागते आणि वळण ऐसपैस घ्यावे लागते. नहरीचे पाणी आपल्याच वजनाने चालते. उतार जास्त दिला तर ते काठ खाते, कमी दिला तर गाळ बसतो. म्हणून इंजिनीयर इतका बारीक उतार देतो की, तो डोळ्यांना दिसतही नाही. दोन्हींचा परिणाम असा की, मैलोगणती सपाट, अखंड पट्टी तयार होते. तिच्यावर म्हातारा माणूस दम न लागता चालतो आणि शाळेची पोरे सायकल हाणतात. अशी पट्टी नव्याने करावयाची म्हटली तर आज शेकडो शेतकऱ्यांची जमीन घ्यावी लागेल. ती आपल्या आजापणज्यांनी आयती करून ठेवली आहे.

अमेरिकेतील कनेक्टिकट संस्थानात न्यू हेवन नावाचे बंदर आहे. तेथून उत्तरेला नॉर्थॅम्प्टनपर्यंत माल वाहण्यासाठी एक कालवा खणला, त्याचे नाव फार्मिंग्टन कालवा. १८२५ साली फावड्या-कुदळीने काम सुरू झाले, १८२८ साली फार्मिंग्टनपर्यंत नावा चालू लागल्या, १८३५ साली त्या नॉर्थॅम्प्टनला पोहोचल्या. नाव ओढावयास घोडे लागत आणि घोड्यांसाठी काठाने पायवाट होतीच. परंतु काठ फुटत, पाणी झिरपे, धंद्यात खोट येई. शेवटी मालकांनीच त्या पट्टीवर रूळ टाकले आणि १८४८ पासून नावांच्या जागी आगगाडी धावू लागली. तिचेही दिवस भरले. गेल्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकांत एकेक तुकडा बंद पडत गेला, तेव्हा नागरिकांनी संघटना केली आणि ही पट्टी मोडून विकली जाऊ नये म्हणून खटपट केली. आज त्या सुमारे ८० मैलांच्या मार्गाचा बहुतेक भाग चालणाऱ्यांना व सायकलवाल्यांना मोकळा आहे. चेशायर गावी कालव्याचे जुने दगडी जलद्वारही नीट करून ठेवले आहे.

त्या देशात १९८३ साली कायद्यात एक मोठी शहाणी दुरुस्ती झाली. रेल्वे बंद होत असेल तर तिची पट्टी तुकडे न करता पायवाटेसाठी द्यावी आणि पुढेमागे रेल्वेला गरज पडली तर परत घ्यावी, असे तीत आहे. धान्य पेवात ठेवावे तशी जमीन ठेवावयाची. आपल्या १९८९ च्या रेल्वे कायद्यात अशी तरतूद नाही. मोठ्या लाइनला छोट्या लाइनची वळणे चालत नाहीत. ती जेथे सरळ केली जातील तेथे जुन्या भरावाचे तुकडे बाजूला पडतील. कोणी तेथे मुरूम खोदील, कोणी कुंपण घालील. पट्टीचा एक तुकडा गेला की बाकीची पट्टी असून नसल्यासारखी, कारण तिची सारी किंमत अखंडपणात आहे.

आता आपल्या नहरीकडे वळू. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाली. त्याची डावी नहर सुमारे २३ किलोमीटर, उजवी सुमारे ९९ किलोमीटर, ती थेट असोलामेंढ्याच्या तलावापर्यंत. देखरेखीसाठी काठाने रस्ता असतोच आणि त्यावर लोक आजही चालतात. रोवणीच्या दिवसांत डोक्यावर शिदोरी घेऊन बाया कोणत्या वाटेने जातात, ते पाहा. म्हणून मी म्हणतो, येथे सहलीची वाट करावयाची तर पहिला हक्क या बायांचा. फाटक बसवून तिकीट लावणार असाल तर आमचा विरोध आहे. ज्यांची बांधी नहरीत गेली त्यांनाच काठावर पाय ठेवण्यास पैसे मागणे हा न्याय नव्हे.

कोणी विचारील, विडी वळणाऱ्यांच्या युनियनवाल्याला ही हौस कशाला? नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी रविवारची सुटी मागितली, ती १० जून १८९० पासून मिळाली. सुटी मिळाली, पण ती घालवावयाची कोठे, हा प्रश्न खेड्यात अजून तसाच आहे. जी बाई दिवसभर सूप मांडीवर घेऊन हजार विड्या पुऱ्या करते, तिची कंबर आणि मान संध्याकाळी दगड झालेली असते. डॉक्टर सांगतो, चालत जा. ती चालणार कोठे? डांबरी रस्त्यावर ट्रक, धुऱ्यावर काटे.

वाट करावयास मोठी रक्कमही लागत नाही, मात्र काही गोष्टी जाणत्याने पाहाव्या लागतात. झाडे काठाच्या माथ्यावर लावू नयेत, मुळे भरावात शिरून पाण्याला वाट करून देतात. ती बाहेरच्या पायथ्याशी लावावीत. नहरीला जेथे काँक्रीटचे अस्तर आहे तेथे आत पडलेल्या माणसाला निसरड्या उतारावरून वर येता येत नाही. तेथे ठराविक अंतरावर पायऱ्या आणि पकडावयास साखळी पाहिजेच, त्याशिवाय मुलांना तिकडे बोलावूच नये. आणि देखभाल? रुळांवर गँगमन रोज आपल्या हद्दीतून पायी फिरत असे, सैल झालेले घट्ट करी, पावसाळ्यात भराव कोठे खचला ते सांगे. वाटेलाही असाच माणूस लागतो, गावचा आणि पगारी. कंत्राटदाराने उद्घाटनापुरती लावलेली फुलझाडे उन्हाळ्यापर्यंत टिकत नाहीत, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

मातीचे काम किती टिकते, हे पवनीकरास वेगळे सांगणे नको. १९६९-७० साली शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांनी जगन्नाथ टेकडीवर उत्खनन करून प्राचीन स्तूप उजेडात आणला, म्हणून पवनीचे नाव झाले. पण गावाभोवतीचा मातीचा तट आणि खंदक त्याआधीही डोळ्यांसमोर होते. ते खणणाऱ्यांचे नाव कोठेही कोरलेले नाही. त्या तटाच्या पायथ्याने निघून वैनगंगेच्या काठाने नहरीपर्यंत जाता यावे, अशी वाट आखली तर पहिला टप्पा तेथूनच घ्यावा.

नहरीची जमीन विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाकडे, रुळांची रेल्वेकडे. दोघांकडे ग्रामसभांचे ठराव वेगवेगळे जावयास हवेत, आणि रेल्वेकडचा ठराव जुने भराव लिलावात निघण्यापूर्वी गेला पाहिजे.